सॉफ्टवेअर बदलण्याआधी जुन्या लग्नांचं काय करायचं?

सोलापुरातल्या एका स्टुडिओमालकांचा प्रश्न थोडक्यात असा: स्टुडिओत दोन मशीन आहेत. एकावर जुनं एडिअस हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणि जुन्या लग्नांची प्रोजेक्ट्स, दुसऱ्यावर विंडोज १० आणि प्रीमिअर २०२० हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर. नवा कॅमेरा १० बिट (रंगांच्या जास्त छटांचं) फुटेज देतो, ते जुन्या प्रीमिअरवर अडखळतं. हाताखाली आलेला नवा मुलगा डाविंची रिझॉल्व्ह या तिसऱ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतो. २०१४ पासूनचा सगळा माल ११ पोर्टेबल हार्ड डिस्कांवर आहे, मिळून साधारण १८ टीबी. अपग्रेड करावं का, केलं तर जुनी प्रोजेक्ट्स उघडतील का, आणि एवढा माल ठेवायचा कसा आणि किती दिवस, असं त्यांना विचारायचं आहे.

हे तीन प्रश्न दिसतात, पण मुळात एकच आहे. जुनी प्रोजेक्ट्स उघडतील का ही भीती वाटते, कारण आज तुमची जुनी लग्नं सॉफ्टवेअरवर अवलंबून आहेत. आधी ती त्या सॉफ्टवेअरपासून मोकळी करा, मग अपग्रेड ही साधी गोष्ट राहते. म्हणून क्रम असा: पहिल्यांदा साठवण, नंतर सॉफ्टवेअर. बहुतेक जण उलटं करतात आणि नव्या आवृत्तीत लाल ‘मीडिया ऑफलाइन’ दिसायला लागल्यावर डिस्का शोधत बसतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. जुनं फुटेज मागायला पार्टी तुमच्याकडे किती वेळा येतात, मशीनचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे आणि स्टुडिओपासून वेगळ्या इमारतीत डिस्का ठेवायची सोय आहे का, यावर पुढचे काही निर्णय बदलतील. जिथे बदलतील तिथे तसं म्हणेन.

एका लग्नाच्या फोल्डरमध्ये नक्की काय असतं ते आधी पाहू. कॅमेऱ्याचं मूळ फुटेज, पार्टीला दिलेली तयार फिल्म, आणि प्रोजेक्ट फाइल. प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र नसतंच. कोणती क्लिप, कुठून कुठपर्यंत, कोणत्या जागी, कोणता इफेक्ट, एवढ्या सूचना असतात. म्हणून ती काही एमबीचीच असते. या तिघांत सगळ्यात आधी निकामी होते ती हीच. फुटेजची एमपी४ फाइल वीस वर्षांनीही कोणता तरी प्लेअर उघडेल. प्रोजेक्ट फाइलला मात्र तेच सॉफ्टवेअर, तेच प्लगइन, तेच फॉन्ट आणि तीच फोल्डरची वाट लागते. यातलं एक जरी हललं तरी टाइमलाइन मोडते.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या लग्नासाठी मी एक मास्टर, म्हणजे तयार फिल्मची उत्तम दर्जाची फाइल, काढून ठेवायला सांगतो. पार्टीला पेनड्राइव्हवर दिलेली १० किंवा १५ एमबीपीएसची (सेकंदाला इतके मेगाबिट) फाइल म्हणजे मास्टर नव्हे. मोठी पारंपरिक फिल्म फुल एचडीमध्ये असेल तर एच.२६४ मध्ये ५० एमबीपीएसने काढा; तासाला २२.५ जीबी, म्हणजे तीन तासांची फिल्म साधारण ६७ जीबी. हायलाइट आणि टीझर मात्र प्रोरेस ४२२ या कमी दाबलेल्या फॉरमॅटमध्ये काढा. फोरके २५ फ्रेमला त्याचा दर सुमारे ४९२ एमबीपीएस आहे, म्हणजे पाच मिनिटांच्या हायलाइटला १८ जीबी. एवढी जागा परवडते, कारण पुढे रील करायला, गाणं बदलायला, मुलाच्या बारशाच्या व्हिडिओत जोडायला पार्टी हाच भाग मागते. विंडोजवरचं प्रीमिअर २०२० प्रोरेस काढतं. रिझॉल्व्हमध्ये तो पर्याय दिसत नसेल तर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स घ्या, कामाला तितकंच चांगलं.

हायलाइटच्या मास्टरबरोबर आणखी दोन गोष्टी काढा. एक, नावं आणि टायटल बंद करून त्याच फिल्मची दुसरी प्रत. दोन, आवाजाच्या वेगळ्या फाइल्स: गाणं एकीकडे, मंगलाष्टकं-सनई-बोलण्याचा मूळ आवाज दुसरीकडे, दोन्ही ४८ किलोहर्ट्झ वेव्ह. यूट्यूबवर गाण्यामुळे कॉपीराइटचा दावा आला किंवा पत्रिकेतलं नाव चुकलं तर प्रोजेक्ट न उघडताही दुरुस्ती होते.

टायटलवर इथे थोडं थांबायला हवं, कारण सोलापुरात हा त्रास जास्त आहे. एकाच मोसमात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही लिपींतली नावं येतात, आणि २०१४ ते २०१८ च्या बहुतेक प्रोजेक्ट्समध्ये ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर नवरा-नवरीच्या नावाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि मूळ नाव काय होतं हे त्यावरून कळत नाही. शिवाय पोस्टस्क्रिप्ट टाइप १ जातीचे फॉन्ट प्रीमिअर बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ पासून घेणं बंद केलं आहे, आणि प्रीमिअरचं जुनं लेगसी टायटलही नव्या आवृत्त्यांत बनवता येत नाही; जुनी टायटलं रूपांतरित करून घ्यावी लागतात आणि त्यात जागा-आकार हलू शकतो. उपाय सोपा आहे आणि जुनं मशीन चालू आहे तोवरच होतो: प्रत्येक टायटल पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात काढून ठेवा. हलणारं असेल तर प्रोरेस ४४४४ मध्ये, अल्फा (पारदर्शकता) चालू ठेवून. नावं एका साध्या मजकूर फाइलमध्ये युनिकोडमध्ये टाइप करा. वापरलेल्या फॉन्टच्या फाइल्सही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

नव्या प्रीमिअरमध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड टाइप करताना जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आली, तर फॉन्टला दोष देऊ नका. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स या भागात टेक्स्ट इंजिनसाठी ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा पर्याय निवडा. अपग्रेडच्या पहिल्याच दिवशी हे करून ठेवावं.

आता मूळ फुटेज. आधी हिशेब मांडू, म्हणजे भावनेवर निर्णय होणार नाही. १०० एमबीपीएसचं फोरके म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे, प्रत्येकी पाच तास, म्हणजे एका लग्नाचे ४५० जीबी. वर्षाला ४० लग्नं धरली तर १८ टीबी. अकरा वर्षांत मिळून जेवढं साठलं तेवढं आता दर वर्षी साठणार आहे, आणि दोन प्रती ठेवायच्या तर त्याच्या दुप्पट. सगळंच्या सगळं कायम ठेवणं छोट्या स्टुडिओला झेपणार नाही. झिप करून काही वाचत नाही, कारण एच.२६४ आधीच दाबलेलं असतं. सगळं एच.२६५ मध्ये बदलायचा विचारही अनेकांच्या मनात येतो. मी तो सुचवत नाही. मशीन कित्येक दिवस अडकतं, चित्राची एक पायरी कायमची जाते, कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती गळते, आणि जुन्या प्रोजेक्टला त्या नव्या फाइल्स नीट जोडल्याही जात नाहीत. तेवढ्या कष्टांपेक्षा नीट विचार करून छाटणी करणं बरं.

छाटणी कशाची, हा खरा नाजूक प्रश्न. नेहमीचा सल्ला असा की फिल्ममध्ये वापरलेलं ठेवा, न वापरलेलं पुसा. लग्नाच्या बाबतीत मला हा सल्ला चुकीचा वाटतो. सहा-सात वर्षांनी पार्टी परत येते ती बहुधा गेलेल्या माणसासाठी येते. आजोबा, काका, मावशी. त्यांचा हलता-बोलता चेहरा हवा असतो. आणि ही माणसं फिल्ममध्ये चार सेकंद असतात. खरी सापडतात पंगतीत, आहेराच्या रांगेत, अक्षता पडल्यावर स्टेजजवळच्या गर्दीत. म्हणून माझा नियम असा: विधींचं दोन्ही कॅमेऱ्यांचं पूर्ण फुटेज आणि पंगत-आहेराचं निदान एका कॅमेऱ्याचं पूर्ण फुटेज ठेवायचं. रिकाम्या स्टेजचे शॉट, बिघडलेले टेक, एकाच सजावटीचे गिंबलवरचे आठ फेरे आणि वरातीच्या डीजेसमोरचा दुसरा-तिसरा कॅमेरा हे पुसायला हरकत नाही. पूर्ण क्लिपा पुसा. क्लिप कापून अर्धी ठेवायच्या भानगडीत पडू नका.

हे किती काळ ठेवायचं ते तुम्ही ठरवा, पण ठरवून ऑर्डरच्या पावतीवर छापा: मूळ फुटेज अमुक महिने ठेवू, पार्टीने डिस्क आणून दिल्यास पूर्ण प्रत देऊ, नंतर फक्त फिल्म ठेवू. माणसं हे समजून घेतात. न सांगता पुसलेलं मात्र त्यांच्या जिव्हारी लागतं. तुमच्याकडे गड्ड्याच्या यात्रेचं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं वर्षावर्षाचं फुटेज असेल तर त्याला हा नियम लावू नका. ते सगळंच्या सगळं ठेवा. दर वर्षी तोच मार्ग, तेच चौक, आणि मागची इमारत न् इमारत बदलत जाते. ते शहराचं दप्तर आहे.

कार्ड खाली करताना होणाऱ्या दोन चुका पुढे साठवण बिघडवतात. पहिली: एव्हीसीएचडी पद्धतीच्या कार्डातून फक्त एमटीएस (व्हिडिओच्या) फाइल्स उचलणे. लांब क्लिप कार्डावर २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत पडते आणि ते तुकडे जोडण्याची माहिती बाजूच्या फोल्डरांत असते. नुसत्या फाइल्स उचलल्या तर सांध्यावर आवाज तुटतो किंवा एखादी फ्रेम गळते. दुसरी, नावांची. सोनीच्या कॅमेऱ्यांत आकडा प्रत्येक कार्डाला नव्याने सुरू व्हायची सेटिंग असेल तर प्रत्येक कार्डाची पहिली क्लिप सी०००१ असते. एका डिस्कवर अशा तीसचाळीस सी०००१ झाल्या की पुन्हा जोडताना सॉफ्टवेअर एका लग्नाच्या टाइमलाइनवर दुसऱ्या लग्नाची क्लिप लावून मोकळं होतं. कॅमेऱ्यात फाइल क्रमांक सलग ठेवण्याची, नव्या मॉडेलांत तारीख किंवा नाव जोडण्याची सोय असते. ती चालू करा. आणि प्रत्येक कार्ड, आतली रचना जशीच्या तशी ठेवून, स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ, सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस. देवनागरी नावांवर काही जुनी प्लगइन आणि कटची यादी वाचणारी सॉफ्टवेअर अडतात. फोल्डरमध्ये फोल्डर फार खोल नेऊ नका. पूर्ण वाट २६० अक्षरांपुढे गेली की विंडोजची बरीच सॉफ्टवेअर ती फाइल उघडत नाहीत.

प्रोजेक्ट बांधून ठेवण्यासाठी तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, आणि प्रत्येकीत एकेक फट आहे.

प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर. त्यात फाइल्स गोळा करून नव्या जागी कॉपी करण्याचा पर्याय घ्या, रूपांतराचा नको. न वापरलेल्या क्लिपा वगळण्याची खूण काढून टाका, कारण छाटणी आपण हाताने केली आहे. फट अशी की आफ्टर इफेक्ट्समधून थेट जोडलेली कॉम्पोझिशन्स यात गोळा होत नाहीत; ती आधी रेंडर करून क्लिप म्हणून टाइमलाइनवर बसवा. प्लगइन आणि फॉन्टही येत नाहीत. गोळा झाल्यावर मूळ डिस्क काढून ठेवा आणि नवीन प्रत उघडून पाहा. मूळ डिस्क लावलेली असेल तर प्रोजेक्ट गुपचूप तिथूनच फाइल्स उचलतो आणि सगळं ठीक असल्याचं वाटतं.

एडिअसमध्ये कन्सॉलिडेट प्रोजेक्ट आहे. तिथे वापरलेल्या फाइल्स प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याचाच पर्याय घ्या. न वापरलेल्या पुसणारा आणि क्लिपा कापणारा पर्याय चालू करू नका. लग्नाच्या तयार टेम्प्लेटचे आणि ट्रान्झिशनचे जे संच त्या मशीनवर आहेत, त्यांची आवृत्तीसह यादी लिहा. नव्या एडिअसवर त्यातले सगळे चालतीलच असं नाही. जुन्या कॅनोपस एचक्यू एव्हीआय फाइल्स असतील तर त्या वाचणारा कोडेक या मशीनबरोबर जाणार, हे लक्षात ठेवून त्यांचा मास्टर आत्ताच काढा.

रिझॉल्व्हबद्दल तुमच्या नव्या मुलाशी आजच बोला. रिझॉल्व्ह प्रत्येक कामाची वेगळी प्रोजेक्ट फाइल डिस्कवर ठेवत नाही. सगळी कामं एका प्रोजेक्ट लायब्ररीत असतात, आणि मुद्दाम बदललं नसेल तर ती सी ड्राइव्हवरच्या एका लपलेल्या फोल्डरात असते. फुटेज डी ड्राइव्हवर सुरक्षित, म्हणून बिनधास्त विंडोज फॉरमॅट केलं, की वर्षाचं एडिटिंग गेलं. लायब्ररीची जागा बदलून दुसऱ्या डिस्कवर घ्या. प्रोजेक्ट मॅनेजरच्या बाजूच्या पट्टीतून दर आठवड्याला लायब्ररीचा बॅकअप काढा. काम संपलं की प्रोजेक्ट आर्काइव्ह निर्यात करा. त्यात फुटेजही सोबत जातं. रेंडर कॅशची खूण काढून टाका, नाहीतर नुसता आकार फुगतो.

तिन्हीकडे एक काम सारखं: टाइमलाइनचं एक्सएमएल आणि एक ईडीएल काढून फोल्डरमध्ये टाका. एडिअसमधून निदान ईडीएल निघतं. हे साधे मजकूर आहेत, काही केबींचे. रंगकाम, प्लगइन त्यात येत नाहीत, पण कुठली क्लिप कुठे कापली हे येतं, आणि वीस वर्षांनी एवढ्यावरून फिल्म पुन्हा उभी करता येते.

आतापर्यंतचं थोडक्यात: एका लग्नाच्या फोल्डरमध्ये मास्टर, टायटलविना प्रत, आवाजाच्या फाइल्स, टायटलची चित्रं, कार्डांचे फोल्डर, बांधलेलं प्रोजेक्ट, एक्सएमएल आणि प्लगइन-फॉन्टची यादी. यानंतर सॉफ्टवेअर कोणतंही येवो.

डिस्का. ११ पोर्टेबल डिस्का ही मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते, कारण बहुधा प्रत्येकीवरचा माल फक्त तिच्यावरच आहे. शिवाय छोट्या पोर्टेबल डिस्कांपैकी अनेकींत यूएसबीचं टोक थेट आतल्या सर्किटवर डाग देऊन बसवलेलं असतं. ते तुटलं की डिस्क दुसऱ्या डब्यात घालून वाचता येत नाही, डेटा काढणं खर्चिक होतं. त्यापेक्षा संगणकात बसवायच्या ३.५ इंची साध्या डिस्का घ्या, एक यूएसबी डॉक घ्या, आणि वापरून झाल्यावर डिस्क प्लास्टिकच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. ८ टीबीची डिस्क विंडोजला ७.२७ दिसते, त्यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. दहा टक्के मोकळी ठेवली तर १८ टीबीला अशा तीन लागतील, दोन प्रतींना सहा. छाटणीनंतर कदाचित चारात भागेल. घेताना सीएमआर तंत्राची आहे का विचारा. पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी एसएमआर डिस्क सुरुवातीला झपाट्याने घेते आणि मग लिहिण्याचा वेग कोसळतो. नुसतं ठेवून वाचायला ती चालते, पण सलग ४ टीबी ओतायला वैताग आणते.

एसएसडी एडिटिंगला उत्तम, कपाटात ठेवायला नाही. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला भार हळूहळू गळतो, आणि खोली जितकी गरम तितका लवकर. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याखालचा माळा किंवा उन्हात बंद उभी गाडी त्याहून कितीतरी जास्त तापते. डिस्का खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. मोठं कॉपी करायचं काम उन्हाळ्यात रात्री लावा आणि डॉकवर पंखा सोडा.

४ टीबी कॉपी करायला १५० एमबी प्रतिसेकंद वेगाने साडेसात तास लागतात, आणि कॉपी तपासायला तेवढेच पुन्हा. दुसरे साडेसात तास बहुतेक जण वाचवतात, आणि तिथेच घात होतो. विंडोजची साधी कॉपी लिहिलेलं परत वाचून बघत नाही. केबल सैल असेल, रॅम खराब असेल तर आकार तोच पण आत बिघडलेली फाइल तयार होते. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर व्हेरिफाय चालू ठेवून वापरा आणि त्याने काढलेल्या चेकसमची यादी त्याच फोल्डरमध्ये साठवा. चेकसम म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेली खूण; एमडी५ ची ३२ अक्षरांची असते. एक बिट बदलला तरी ती बदलते. विंडोजची रोबोकॉपी आज्ञा वापरत असाल तर मिररचा पर्याय टाळा. मूळ ठिकाणी चुकून पुसलेलं तो दुसऱ्या प्रतीतूनही पुसतो. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅटमध्ये लिहिताना वीज गेली तर फाइलींची यादीच बिघडण्याचा धोका जास्त. यूपीएसशिवाय कॉपी लावूच नका, आणि झोपण्याआधी मशीनची स्लीप सेटिंग बंद करा.

दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत. स्टुडिओ नवी पेठेत असेल आणि घर जुळे सोलापुरात, तर एक संच घरी. आग, चोरी, शॉर्टसर्किट किंवा सगळ्या फाइल्स कुलूपबंद करणारा व्हायरस, यापैकी काहीही दोन्हीकडे एकदम होत नाही. अर्थात घरची डिस्क जोडलेली नसेल तरच. रेड लावलेला नॅस, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कांचा नेटवर्कवरचा डबा, हा बॅकअप नव्हे. त्यावर चुकून पुसलेलं सगळ्या डिस्कांवरून एकाच वेळी पुसलं जातं. क्लाउडवर मास्टर आणि प्रोजेक्ट फाइल्स ठेवा, फुटेज नको: १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी एका लग्नाचे ४५० जीबी चढायला दहा तास लागतात. चुंबकीय फितीवर डेटा साठवण्याचं एलटीओ टेप तंत्र उत्तम आहे, एलटीओ ९ च्या एका टेपवर १८ टीबी बसतात, पण ड्राइव्हची किंमत पाहता तुमच्या आवाक्यातल्या मालाला डिस्काच बऱ्या. वर्षाला तीस-चाळीस टीबी व्हायला लागलं तर पुन्हा विचार करा.

दर सहा महिन्यांनी प्रत्येक डिस्क लावा, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये रीअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग (खराब म्हणून बदललेल्या आणि संशयित) सेक्टरचे आकडे पाहा, आणि चेकसम पुन्हा पडताळा. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर दिसला की त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीवरून नवी डिस्क भरा. साधारण पाच वर्षांनी डिस्क चांगली दिसली तरी बदला.

आता अपग्रेड. वेळ चातुर्मासाची. आषाढी एकादशीनंतर तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, हातातली कामं संपवून मशीन उघडं करायला तेवढे महिने मिळतात. वैशाखात, चार फिल्म अर्धवट असताना, कितीही मोह झाला तरी आवृत्ती बदलू नका. प्रीमिअरचं नव्या आवृत्तीत सेव्ह झालेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही. ती फाइल उघडून आतला आवृत्ती क्रमांक बदलण्याची युक्ती आहे आणि बऱ्याचदा चालतेही, पण नवे इफेक्ट गळून पडतात. संकटात वापरा, त्यावर बेत आखू नका.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलची निदान आठवी पिढी लागते. प्रीमिअरचं मशीन त्यापेक्षा जुनं असेल तर त्यावर नवं सॉफ्टवेअर चढवू नका, नवं मशीन घ्या आणि जुनं तसंच राहू द्या. ग्राफिक्स कार्डही पाहा: एनव्हिडियाच्या जीटीएक्स १० मालिकेला नवे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत. एडिअसचं मशीन इंटरनेट काढून निव्वळ जुनी प्रोजेक्ट्स उघडण्यासाठी ठेवता येईल. अ‍ॅडोबीचं मशीन असं कायम तोडून ठेवता येत नाही, कारण ते अधूनमधून नेटवर परवाना तपासतं.

मशीन चालण्याजोगं असेल तर पहिलं काम सी ड्राइव्हची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढण्याचं. क्लोनझिला फुकट आहे आणि पुरेसं आहे. मग प्रीमिअर ज्यातून मिळतं त्या क्रिएटिव्ह क्लाउडमधून नवी आवृत्ती घेताना अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून जुन्या आवृत्त्या काढून टाकण्याची खूण पुसा. हे एक बटण फार महाग पडतं. अ‍ॅडोबी सहसा चालू आणि तिच्या मागची अशा दोनच मुख्य आवृत्त्या डाउनलोडला ठेवते. तुमचं २०२० एकदा उडालं की परत मिळणार नाही. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात. जुनी सेटिंग्ज आयात करू नका, कोऱ्या सेटिंग्जने सुरू करा. अपग्रेडनंतरच्या विचित्र तक्रारींचं मूळ पुष्कळदा तिथे असतं. ड्रायव्हर एनव्हिडियाचा स्टुडिओ वर्गातला घ्या.

चाचणीसाठी तीन जुनी प्रोजेक्ट्स निवडा: एक टायटलांनी भरलेलं, एक प्लगइनवालं, एक दोन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम. त्यांच्या प्रती नव्या आवृत्तीत उघडा. जुन्या आणि नव्या आवृत्तीतून तोच एक मिनिट प्रोरेसमध्ये काढा, नव्या टाइमलाइनवर एकमेकांवर ठेवा आणि वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड डिफरन्स करा. चित्र पूर्ण काळं दिसलं तर दोन्ही एकसारखे. टायटल सरकलं असेल तर कडा उजळतात, रंग बदलला असेल तर सगळं चित्र धूसर उठून येतं. रंगाचं बदलणं लॉग (मुद्दाम फिके रंग ठेवून रेकॉर्ड केलेल्या) फुटेजवर हमखास पकडलं जातं, कारण नव्या आवृत्त्या लॉग स्वतः ओळखून रूपांतर करतात, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये आधीच एलयूटी (रंग बदलणारा तयार तक्ता) लावलेला असतो. मग दोनदा रूपांतर होतं. अशा क्लिपांवर आपोआप होणारं रंगरूपांतर बंद करा.

आणि चाचणी यशस्वी झाली म्हणून संपलेली सगळी लग्नं नव्या आवृत्तीत उघडून सेव्ह करत बसू नका. जे मागायला कोणी येईल तेवढंच, त्या वेळी उघडा.

१० बिट फुटेजबद्दल. कॅमेरा ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) रेकॉर्ड करत असेल तर विंडोजवर रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती साधारणपणे फक्त आवाज दाखवते, चित्र नाही; तिथे स्टुडिओ आवृत्तीच लागते. तिचा परवाना एकदाच घ्यायचा असतो आणि आजवर पुढच्या आवृत्त्या त्यातच मिळाल्या आहेत. मशीन कमी पडत असेल तर तिथे आणि प्रीमिअरमध्येही प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवा, अर्ध्या रिझोल्यूशनच्या. प्रॉक्सी साठवायच्या नाहीत, काम संपलं की पुसा. मीडिया कॅश, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइल्स, त्याही तशाच.

सुरुवात कुठून, तर पुढच्या रविवारी ११ डिस्का टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येकीवर कोणती लग्नं आहेत आणि त्यातल्या कशाची दुसरी प्रत कुठे आहे, हे एका वहीत लिहा. ज्या डिस्कवरच्या मालाची दुसरी प्रत कुठेच नाही आणि जी सगळ्यात जुनी आहे, ती पहिली नव्या डिस्कवर उतरवा. तिच्यातून टकटक असा आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा लावून पाहू नका, बंद करून बाजूला ठेवा आणि थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.